हमी संपल्यानंतरचे वास्तव

१.

'आभासी वास्तव' हा विषय मराठीच्या चर्चासत्रांत आता पुरेसा रुळला आहे. देहविरहित अनुभव, स्थळकाळाचे विसर्जन, वास्तवाचा अंत अशी शीर्षके कार्यक्रमपत्रिकांत नेमाने दिसतात आणि पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात बोद्रियार यांचे नाव येऊन गेले की निबंध मार्गी लागतो. माझी तक्रार या निबंधांतील सिद्धान्तांबद्दल नाही. माझ्या वाचनात आलेल्या अशा एकाही निबंधात मला बॅटरी भेटलेली नाही, वायर भेटलेली नाही, स्क्रू भेटलेला नाही. ज्या यंत्रावाचून हा सारा आभास क्षणभरही टिकत नाही ते यंत्र बिघडते, ही साधी गोष्ट आपल्या समीक्षेच्या गावीही नाही.

ते बिघडते. आणि वॉरंटीची मुदत संपल्यानंतर बिघडले, तर ते दुरुस्त करून घेण्याच्या बहुतेक वाटा बंद असतात. हा प्रश्न तंत्रज्ञांचा किंवा फार तर ग्राहक मंचाचा आहे असे समजून साहित्याच्या अभ्यासकांनी तो बाजूला सारू नये, एवढ्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न आधी शब्दांचा आहे, मग मालकीचा आहे, आणि यंत्राचा सर्वांत शेवटी आहे. शब्दांचा आहे म्हणून तो आपला आहे.

२.

प्रथम वस्तू पाहू. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेल्या आणि मोठ्या प्रमाणावर खपलेल्या क्वेस्ट २ या हेडसेटचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर पडदा, त्याच्या आणि डोळ्यांच्या मध्ये दोन भिंगे, आत लिथियम-आयन बॅटरी, दर्शनी बाजूस कॅमेरे आणि हातांत धरायचे दोन नियंत्रक, असा हा संसार. यांतला प्रत्येक भाग आपापल्या गतीने झिजतो. बॅटरी काही शे वेळा भरली आणि रिकामी झाली की तिची क्षमता उतरू लागते. नियंत्रकावर अंगठ्याने फिरवायची जी लहानशी कांडी असते तिच्या खालचा कार्बनचा थर घासत जातो. मग हात स्थिर असतानाही दृश्य आपले आपण एका बाजूला सरकू लागते. चेहऱ्याला टेकणारा फोम घाम शोषतो. या फोममुळे त्वचेला त्रास होतो अशा तक्रारी आल्यावर २०२१ च्या जुलैत अमेरिकेत क्वेस्ट २ च्या सुमारे ४० लाख नगांसाठी तो बदलण्याची जाहीर मोहीम काढावी लागली होती. देहविरहित अनुभवाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी त्या ४० लाख चेहऱ्यांचा विचार करून पाहावा.

या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू मात्र ऊन आहे. पडदा मोठा दिसावा म्हणून बसवलेली भिंगे उलट्या दिशेनेही तितक्याच निष्ठेने काम करतात. खिडकीतून आलेले ऊन त्यांवर पडले तर ते आतल्या पडद्यावर एकवटते आणि लहानपणी आपण भिंगाने कागद जाळत असू तसा तो पडदा थोड्याच वेळात जळतो. उत्पादक आपल्या माहितीपत्रकांत याचा इशारा देतात आणि असे नुकसान वॉरंटीत सहसा धरले जात नाही.

दुरुस्ती होते तेथे ती काय भावाने होते याचा एक दाखला पुरे. ॲपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विक्रीस आला. वेगळी विमावजा योजना न घेणाऱ्यासाठी त्या वेळी जाहीर झालेले दर असे होते: बाहेरची काच फुटली तर ७९९ डॉलर, अन्य मोडतोड झाली तर २,३९९ डॉलर. म्हणजे मूळ किमतीच्या दोन तृतीयांशांहून अधिक. दुरुस्ती नाकारण्याचा हाही एक सभ्य प्रकार आहे. दार उघडे ठेवायचे आणि उंबरठा छातीइतका उंच बांधायचा.

३.

माझ्या महाविद्यालयाचे उदाहरण देतो. एका अनुदानातून आम्ही चार हेडसेट घेतले. प्राचीन मराठी वाङ्मय शिकवताना लेणी, मंदिरे, गड यांची त्रिमितीय दृश्ये विद्यार्थ्यांना दाखवावीत हा हेतू. ज्या विद्यार्थिनींना घरून सहलीची परवानगी मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि पायऱ्या चढू न शकणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी, ही सोय खेळण्यापेक्षा बरीच मोठी होती. वॉरंटी एक वर्षाची. ती संपून चार महिने होतात न होतात तोच दोन नियंत्रकांच्या कांड्या सरकू लागल्या आणि एका हेडसेटचा पडदा एका डोळ्यापुरता काळा पडला.

ज्यांच्याकडून माल घेतला त्या विक्रेत्याचे उत्तर एका वाक्याचे होते: "सर, वॉरंटी संपलीय, आता नवीनच घ्या." दुरुस्तीचा दर विचारला तर दर नाही; सुटा भाग मागितला तर भाग नाही; पैसे भरतो म्हटले तर ते घेण्याचीही सोय नाही. अखेर एस.टी. स्टँडसमोरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथील तरुणाने हे यंत्र आयुष्यात प्रथमच पाहिले होते. त्याने नियंत्रक उघडला, आतली कांडी खेळांच्या इतर यंत्रांत असते त्याच जातीची आहे हे ओळखले, ती मागवली आणि आठवड्याभराने तासाभरात बसवून दिली. खर्च काही शे रुपये.

पडद्यापाशी मात्र तोही थांबला. कारखान्यात पडदे, भिंगे आणि कॅमेरे यांची परस्परांतील अंतरे व कोन मोजून ती मापे यंत्रातच साठवलेली असतात. भाग बदलला की मापे जुळत नाहीत, आणि ती नव्याने जुळवण्याचे साधन कारखान्याबाहेर मिळत नाही. "पडदा मिळाला तरी डोळा जुळणार नाही," असे तो म्हणाला. आभासी वास्तवावरील इतके नेमके विधान मी अद्याप कोणत्याही चर्चासत्रात ऐकलेले नाही.

तो हेडसेट आता कपाटात आहे. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद असल्यामुळे तो टाकताही येत नाही; त्यासाठी निर्लेखनाचा ठराव हवा, समिती हवी, शेरा हवा. ज्या वस्तूने जडाचे ओझे उतरवण्याचे वचन दिले होते, ती आमच्याकडे जडसंग्रहाच्या नोंदवहीत अनुक्रमांकासह जमा आहे.

४.

येथवरची कथा पंख्याची किंवा मिक्सरचीही असू शकली असती. हेडसेटचे वेगळेपण यापुढे आहे. हे यंत्र एकही स्क्रू न ढळता, एकही तार न तुटता बंद पडू शकते.

७ मार्च २०१८ रोजी जगभरचे ऑक्युलस रिफ्ट हेडसेट एकाएकी चालेनासे झाले. कोणत्याही यंत्रात बिघाड नव्हता. कंपनीने आपल्या संगणक-प्रणालीला जोडलेल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ती वाढवायची राहून गेली होती. दुरुस्ती लवकरच आली, कंपनीने दिलगिरीही व्यक्त केली. पण आपल्या घरातील वस्तूची कळ दुसऱ्याच्या दप्तरात आहे, हे त्या दिवशी हजारो लोकांना कळले.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली 'विंडोज मिक्स्ड रिॲलिटी' ही प्रणाली आणली; एसर, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग यांनी तिच्यासाठी हेडसेट बनवले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ही प्रणाली सोडून देत असल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून ती काढून टाकली. ज्याने आपला संगणक नियमाप्रमाणे अद्ययावत केला, त्याचा धडधाकट हेडसेट त्या क्षणी निरुपयोगी झाला. एचपीचा रिव्हर्ब जी २ हा त्यांतला नामांकित हेडसेट २०२० च्या अखेरीस बाजारात आला होता. म्हणजे वस्तूचे वय जेमतेम चार वर्षे.

तिसरे उदाहरण हेडसेटच्या सीमेवरचे आहे, परंतु या वाटेचा शेवट कोठे होतो हे त्यातून दिसते. अमेरिकेतील सेकंड साइट या कंपनीने 'आर्गस २' नावाचा कृत्रिम डोळा बनवला होता: नेत्रपटलावर शस्त्रक्रियेने बसवलेले रोपण, कॅमेरा असलेला चष्मा आणि कमरेला लावायचा छोटा संगणक. जगभरातील ३५० हून अधिक दृष्टिहीन माणसांनी तो बसवून घेतला होता. कंपनीने पुढे हे उत्पादन थांबवले, २०२० साली ती दिवाळखोरीच्या कडेला आली, आणि या माणसांना सुटे भाग व दुरुस्ती देणारे कोणी उरले नाही. चष्मा मोडला की पुन्हा अंधार. वॉरंटी संपल्यानंतरचा प्रश्न श्रीमंतांच्या खेळण्याचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या माणसांचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा ते सांगावे.

आता साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली एक गोष्ट. रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि संहिता वाचकाच्या हवाली केली. हा सिद्धान्त आपण वर्षानुवर्षे शिकवत आहोत. पण आपल्या टेबलावरच्या या यंत्राच्या बाबतीत नेमकी उलट व्यवस्था आहे. तेथे कर्ता मरत नाही; वस्तू विकून झाल्यावरही तो तिच्यातच राहतो, तिचे अर्थ बदलतो, परिशिष्टे जोडतो आणि इच्छा होईल तेव्हा संहिता परत घेतो. क्वेस्ट २ बाजारात आला तेव्हा तो चालवण्यासाठी फेसबुकचे खाते सक्तीचे होते. खाते बंद झाले की विकत घेतलेले यंत्रही अडून बसे. ती सक्ती २०२२ साली उठली, हे खरे. पण जी सक्ती कंपनीच्या मर्जीने उठते ती तिच्या मर्जीने परतही येऊ शकते. येथे ज्याला आपण वाचक समजतो, तो केवळ भाडेकरू आहे.

५.

म्हणून शब्दांकडे वळू.

'वॉरंटी'ला आपण मराठीत 'हमी' म्हणतो. हमी म्हणजे वस्तू टिकेल असा दिलासा, असे आपल्याला वाटते. ते कलम नीट वाचून पाहावे. वस्तू किती टिकेल हे त्यात नसते. कर्त्याची जबाबदारी कोणत्या तारखेला संपेल हे त्यात असते. म्हणजे ज्याला आपण हमी म्हणतो ती त्या तारखेनंतर हात वर करण्याची आगाऊ सूचना आहे. 'ग्राहक' हा शब्द जाऊन त्या जागी 'वापरकर्ता' कधी आला याचाही शोध कोणी घ्यावा. वापरकर्ता वापरतो, मालक उघडतो, मोडतो, जोडतो, दुसऱ्याला देतो. पडद्यावरच्या मराठीत मालक हा शब्द जवळजवळ उरलेलाच नाही. आणि 'आभासी' या विशेषणाने तर कमालच केली आहे. जे आभासीच आहे त्याची दुरुस्ती काय मागायची, असा एक सूक्ष्म परिणाम हा शब्द मनावर करतो, आणि तो कंपन्यांच्या फारच सोयीचा आहे.

शब्दांचा हा खेळ कायद्यात उतरतो तेव्हा त्याची किंमत कळते. युरोपीय संघाने २०१९ साली टीव्ही, मॉनिटर अशा इलेक्ट्रॉनिक पडद्यांसाठी नियम केले. त्यांत काही सुटे भाग किमान ७ वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आहे. त्याच नियमांच्या पहिल्या कलमात, हे नियम कशाला लागू नाहीत याची यादी आहे, आणि त्या यादीत व्हीआर हेडसेट नाव घेऊन वगळलेले आहेत. मोबाईल व टॅबसाठी तेथे २०२५ च्या जूनपासून वेगळे नियम लागू झाले. हेडसेट त्यांतही बसत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. १०० डॉलर किंवा त्याहून महाग वस्तूसाठी सुटे भाग, अवजारे आणि माहिती ७ वर्षे द्यावी, असे तो सांगतो. पण व्हिडिओ गेमची यंत्रे त्यातून वगळली आहेत, आणि खेळ खेळण्यासाठीच मुख्यतः वापरला जाणारा हेडसेट त्या वगळण्यात ओढला जाऊ शकतो.

ॲपलने २०२३ साली आपला हेडसेट जगापुढे ठेवला तो 'संगणक' म्हणून. इतर कंपन्याही शिक्षण, वैद्यक, कार्यालय यांची नावे घेऊनच हे यंत्र विकतात. विकताना ते संगणक असते, दुरुस्तीची वेळ आली की पडदा नसते, फोन नसते, आणि खेळणे असू शकते. ज्या वस्तूला नाव नाही तिला हक्कही नाही. व्याख्या ही निरुपद्रवी गोष्ट नसते, हे ज्यांनी वाङ्मयप्रकारांच्या व्याख्यांवर आयुष्य काढले त्यांना तरी सांगावे लागू नये.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने प्रथम निवडली. निवड योग्यच आहे. ट्रॅक्टर आधी, हेडसेट नंतर, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की जी वस्तू आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि प्रशिक्षण केंद्रांत शिरते आहे, तिला कोणत्या रकान्यात बसवायचे हा विचारही कोठे ऐकू येत नाही.

६.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांची उत्तरे देणे भाग आहे.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. लिथियमची बॅटरी अनाड्याच्या हातात पेट घेऊ शकते आणि हे यंत्र तर डोळ्यांशी असते. धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय माहिती देणे हा आहे, माहिती दडवणे नव्हे. फुगलेली बॅटरी कपाटात तशीच पडू देणे कोणत्या अर्थाने सुरक्षित आहे? युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, हाती वापरायच्या उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे. सुरक्षिततेचा विचार त्या नियमकर्त्यांनीही केलाच असणार.

दुसरा आक्षेप असा, की इतक्या गुंतागुंतीच्या यंत्राची दुरुस्ती बाहेर होऊच शकत नाही. तर मग व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ साली आपल्या 'इंडेक्स' हेडसेटचे सुटे भाग 'आयफिक्सइट'मार्फत सर्वांना विकण्याचे कसे ठरवले? ऑक्युलस गो या हेडसेटची विक्री २०२० साली थांबली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, जॉन कारमॅक यांनी लावून धरल्यामुळे, त्याच कंपनीने त्याचे कुलूप कायमचे उघडणारी आवृत्ती प्रसृत केली. आपले सर्व्हर बंद झाल्यानंतरही हे यंत्र कोणाला तरी चालवता यावे, एवढाच त्यामागचा विचार. म्हणजे करता येते. करण्याची इच्छा लागते, आणि इच्छा नसेल तेथे कायदा लागतो.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि तो मला सर्वांत अधिक खुपतो: "यात साहित्याचा काय संबंध?" ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी इतिहासातील एक घटना सांगून थांबतो.

७.

ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढच्या तीन शतकांत ती हस्तलिखितांतून हिंडली. नकलाकारांच्या चुका शिरल्या, उत्साही वाचकांच्या ओव्या शिरल्या, अर्थ डळमळू लागला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. मूळ कर्ता जाऊन सुमारे तीनशे वर्षे झाल्यावर झालेली ही दुरुस्ती आहे. ती शक्य झाली याचे कारण एकनाथांच्या अधिकारात होते, तसेच ते ग्रंथाच्या स्वरूपातही होते. पोथी उघडता येत होती. एका प्रतीत खराब झालेला भाग दुसऱ्या प्रतीत शोधता येत होता. मूळ कर्त्याची मुदत संपली म्हणून अक्षरे पुसली जात नव्हती. दुरुस्ती म्हणजे मनमानी नव्हे, हेही त्याच घटनेने दाखवले: जो खरी दुरुस्ती करतो तोच मूळाचा मान सर्वाधिक राखतो.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आपल्या विभागांना हे कळत नसेल तर कोणाला कळणार? उद्या या हेडसेटसाठीच रचलेल्या कथा, नाट्ये, कविता मराठीत येतील. त्या वाचण्याचे साधन चार वर्षांत मरत असेल आणि उघडण्याची मुभा नसेल, तर त्यांचा अभ्यास आपण कशाच्या आधारे करणार आहोत? त्या वाङ्मयाचा एकनाथ कितीही मोठा निघाला, तरी त्याच्या हाती कुलूपच येईल.

म्हणून काही साध्या गोष्टी मागाव्यात असे सुचवतो. महाविद्यालयाने असे यंत्र घेताना दरपत्रकात किमतीच्या शेजारी आणखी चार रकाने ठेवावेत: सुटे भाग किती वर्षे मिळतील, बॅटरी बदलता येते काय, खात्यावाचून यंत्र चालते काय, आणि कंपनीने साथ सोडल्यास कुलूप उघडून मिळेल काय. जो विक्रेता उत्तर देणार नाही त्याचे दरपत्रक बाद करावे. केंद्राच्या समितीपुढे आपल्या विद्यापीठांनी या वस्तूचे नाव घालावे. आणि चर्चासत्रांच्या आयोजकांनी 'आभासी वास्तव' या विषयावर पुढचा निबंध मागवताना बीजभाषकाच्या शेजारच्या खुर्चीवर त्या एस.टी. स्टँडसमोरच्या तरुणाला बसवावे. त्याला बोद्रियार ठाऊक नसेल. पण डोळा का जुळत नाही, हे तो त्या सभागृहातील कोणाहीपेक्षा अधिक नेमके सांगेल.